काचेमागची वाटी

काचेमागे एक लोखंडी साचा होता, फणस फुटावा तसा मधोमध फाटलेला. गुंडू त्याच्यापुढे थांबला. इथवरच्या तलवारी आणि चिलखतं त्याने चालता चालताच पाहिली होती. जपानातल्या एका सरदार घराण्याचा संग्रह महिनाभरासाठी आखातातल्या मनामात आला होता, आणि मआमीरच्या अॅल्युमिनियम ओतशाळेचे मालक हिराता साहेब आपल्या माणसांना तो दाखवायला घेऊन आले होते. गुंडू त्यांचा बसड्रायव्हर. उन्हात बसून भाजून निघण्यापेक्षा तोही आत आला होता, एवढंच.

"उबेदसाहेब, हा फुटला कसा ओ?"

शिफ्टचे इनचार्ज उबेद रत्नागिरीचे. त्यांनी पाटी वाचून सांगितलं, "ह्या सरदार घराण्याने पहिली तोफ ओतायला घेतली, तेव्हाचा आहे. साच्यात घोटभर पाणी राहिलेलं. वितळलेलं लोखंड त्यावर पडलं आणि खलास. वाफेने साचाच उडाला. तीन माणसं गेली."

"घोटभर पाण्याने?"

"चमचाभरही पुरे. पाणी आलं कुठून, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. ढिगाऱ्यात ही वाटी तेवढी सापडली. भट्टीच्या देवाला दारू वाहायची."

गुंडूने काचेला नाक टेकवून त्या वाटीकडे पाहिलं.

पहाटे, ओतशाळेच्या शेडमध्ये कुणी नसताना, त्याने नव्या साच्यावर नारळ फोडला होता. आज त्याचा मुलगा ऋत्विक पहिल्यांदाच धातू ओतणार होता. पोराच्या हातचं पहिलं काम आणि नारळ नाही, हे त्याच्या जिवाला पटेना. शेडमध्ये असलं काही करायला सक्त मनाई, म्हणून भकलं त्याने डब्यात लपवली आणि साच्याची कड फडक्याने पुसून घेतली. पण अर्धं पाणी तळाच्या फटीत उतरलेलं त्याने पाहिलं होतं. देवाचं पाणी, त्याने काय होतंय, असं म्हणून तो बसकडे पळाला होता.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. अकराला ओतायचं होतं. फोन तर सगळ्यांचे दारातच जमा करून घेतलेले.

सांगितलं तर नोकरी जाणार, व्हिसा जाणार, कदाचित पोराचाही. मग त्याने उबेदांचा दंडच धरला.

"साहेब, शेडला फोन करा. यल्ला, लवकर, आधी फोन करा!"

काउंटरवर फोन परत मिळाला. पलीकडे घंटी वाजतच राहिली. गुंडूने गावच्या रवळनाथाला हाक मारली, आणि ती मारतानाही त्याला भीतीच वाटली.

"साचा तपासलाय, सर," फोन उचलताच स्पीकरवर ऋत्विकचा आवाज आला. "एकदम कोरडा आहे. भट्टी तयार आहे."

"नारळ फोडलाय मी त्याच्यावर!" गुंडू ओरडला. सगळं दालन वळून बघू लागलं. "तळात पाणी आहे, बाळा. ओतू नको!"

पलीकडे साखळ्यांचा आवाज आला, तळाची प्लेट उचलल्याचा. ऋत्विक हळूच म्हणाला, "बाबा, पाणी आहे."

गुंडूने काउंटरला टेकून श्वास सोडला. मान वर केली, तर समोर हिराता साहेब उभे. काय झालं, असं त्यांनी उबेदांना इंग्रजीत विचारलं. गुंडूचं नाव उबेदांच्या तोंडून निघेना.

गुंडूला ना इंग्रजी येत होतं, ना जपानी. तो साहेबांना हाताने खुणावत फाटलेल्या साच्यापर्यंत घेऊन गेला. तिथे त्याने काचेवर बोट ठेवलं, बरोबर त्या वाटीसमोर, आणि मग तेच बोट आपल्या छातीवर.