हात लावायचा नाही

त्या फोन कंपनीचं नाव काढलं की दुरुस्तीवाल्याचं डोकंच फिरायचं. "फोन आपण घ्यायचा, पण उघडायचा मात्र त्यांनीच! दुसऱ्यानं हात लावला की वॉरंटी गेली. आणि तुम्ही भक्त महिना-महिना वाट बघत बसता!"

"थांबावं लागतं," गिऱ्हाईक बंद पडलेला फोन कुरवाळत म्हणालं, "पण त्यांच्या कामाला तोड नाही."

संध्याकाळी दुरुस्तीवाला घरी आला, तर बायको त्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन तीन महिने बंद असलेला मिक्सर उघडायला बसलेली.

"ठेव तो खाली! या घरात काही बिघडलं तर मीच उघडणार, किती वेळा सांगितलं?"

तिनं स्क्रूड्रायव्हर ठेवून खलबत्ता पुढे ओढला.



कोपऱ्यातून आई कौतुकानं म्हणाली, "थांबावं लागतं गं, पण माझ्या लेकाच्या कामाला तोड नाही."