कडू कंद

दरड कोसळून वाडीचा रस्ता तुटला त्याला आज नववा दिवस. सगळ्यांनी मिळून भरलेल्या कणगीतली नाचणी पाणी शिरून कुजली होती. वाडीची सामायिक चूल सांभाळणाऱ्या ठकूबाईनं बायकांना घेऊन रानातले कडू कंद उकरले, राख घालून उकडले आणि फोडी करून टोपलीतून ओढ्याच्या धारेत ठेवल्या. विष उतरायला उद्याची सकाळ उजाडणार होती.

झुंबर दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन आली. "मावशी, एक फोड द्या. पोर कालपासून रडलीसुद्धा नाही."

ठकूबाईनं फोड स्वतःच्या तोंडात टाकली. घसा पेटला आणि तिथंच ती भडाभडा ओकली.

"उद्यापर्यंत दम धर, बाई."

"तोवर ही राहिली नाही तर?"

ठकूबाईनं टोपली धारेत आणखी खोल दाबून ठेवली.

सकाळी तिनं पुन्हा आधी स्वतः खाल्लं. सगळी वाडी तिच्या तोंडाकडे बघत होती. उन्हं वर आली तरी घसा खवखवला नाही, तेव्हा तिनं फोड कुस्करून पोरीच्या जिभेवर ठेवली. घास बराच वेळ तसाच राहिला. मग पोरीनं गिळलं आणि दुसऱ्या घासासाठी आपणहून तोंड उघडलं.