ओबनचं ते हॉटेल

स्कॉटलंडला ओबनमध्ये राहायचं ठरलं, आणि बुकिंगच्या साइटवर बंदरासमोरचं हॉटेल दिसलं की मंजिरी म्हणायची, "ते सोडून कुठलंही बघ." गेल्या वर्षी मैत्रिणींबरोबर ती तिथेच राहिली होती, पण लीड्सला घरी परतल्यावर तिने हॉटेलचा एकही फोटो दाखवला नव्हता.

"का पण?" तिच्या नवऱ्याने, अवधूतने विचारलं.

"तिथे बोटींचा आवाज येतो. आणि हे बघ, तुझा तो चिवड्याचा डबा या वेळी घरीच राहू दे. जिथे जाऊ तिथलं खावं माणसाने."

अवधूतच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्याने गुपचूप तेच हॉटेल बुक केलं.

रिसेप्शनवरचा देखणा माणूस मंजिरीकडे बघून ओळखीचं हसला. "तुम्ही परत आलात! तुमची एक वस्तू मी जपून ठेवलीय."

मंजिरीने मान खाली घातली. अवधूत आळीपाळीने दोघांकडे बघू लागला.



त्या माणसाने काउंटरखालून फोडणीची छोटी कढई काढली. "या वेळी खोलीत फोडणी नको हं, प्लीज. मागच्या वेळी फायर अलार्म वाजला आणि अख्खं हॉटेल नाइटड्रेसमध्ये धक्क्यावर उभं होतं."