शेजारची खाट

मूल गावाहून तेलंगणात मिरची तोडायला गेलेल्या रुखमाचा नवरा ट्रॅक्टरवरून पडला. मुकादम त्याला तिकडच्या दवाखान्यात टाकून निघून गेला. रुखमाला तेलुगू कळत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई रोज आपल्यातला भात तिला वाढायची.

आज ती खाट रिकामी पाहून रुखमाला बरं वाटलं. दुपारी ती बाई भात घेऊन आली.

“पोराची सुट्टी झाली का जी, बाई?”

बाईने नुसती मान हलवली, समोर बसून तिला पोटभर जेवू घातलं आणि गेली.

मग नर्सने हिंदीत सांगितलं, “तिचा पोरगा रात्री वारला. घरात चूल नाही पेटली. हा भात शेजाऱ्यांनी तिच्यासाठी आणला होता.”