खालचा गिअर

"हात वरच जात नाही अप्पांचा," बाबू म्हणाला. "हा स्टिअरिंगचा गिअर काढून खाली बसवता येईल का?"

आल्बर्ट मेकॅनिकने फियाटच्या खिडकीतून आत डोकं घातलं. स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा त्याने वरखाली करून पाहिला.

"हा तर लोण्यासारखा चालतोय रे! पण म्हणतोस तर करू. खाली पत्र्याला भोक पाडून दांडा वर काढायचा. एक सांगून ठेवतो, मग पुढे मध्ये तिसरा माणूस बसायचा नाही."

बाबूला तीच धास्ती होती. ती मधली जागा त्याच्या सासऱ्यांची, बळीराममामांची होती.

दर एकादशीला दुपारी सांडोरच्या वाडीतून गाडी निघे. चालवायला अप्पा, म्हणजे बाबूचे वडील तुळशीदास. खिडकीशी कीर्तनकार बुवा. दोघांच्या मध्ये, व्याही म्हणून मानाने, बळीराममामा. मागे बाबू, त्याची आई नर्मदा आणि बुवांची पेटी. गोखिवऱ्याच्या देवळापर्यंत मामांचं तोंड मिटत नसे. खताचे भाव संपले की "आता दुसरा टाका, आता तिसरा," अशी शिकवणी सुरू. बुवा अभंग गुणगुणायला लागले, तर मामा त्यांनाही चाल सुचवत. अप्पा हसून मान डोलवत. व्याही पडले!

दोन महिन्यांपूर्वी कीर्तनातच बाबूच्या ध्यानात आलं. गजराला सगळ्यांचे हात वर गेले, अप्पांचे टाळ मात्र पोटाशीच वाजत राहिले. मग गिअर टाकतानाही ते डावा खांदा दाबून कळवळू लागले. विचारलं तर म्हणाले, "काही नाही रे. हा दांडा जरा खाली असता तर..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

बाबू दवाखान्यात चला म्हणून मागे लागला. डॉक्टरांचं नाव काढलं की अप्पा उठून वाडीत निघून जात. आई म्हणाली, "काल तर पानवेलीची वरची पानं खुडत होते की!" तरीच, बाबूला वाटलं. अशानेच खांदा जातोय. गाडी सुटली तर कीर्तन सुटेल, आणि कीर्तन सुटलं तर अप्पांमध्ये उरलं काय?

रविवारी मामा घरी आले, तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं.

अप्पा उसळले. "नको म्हणजे नको! बळीरामभाऊंनी मागे बसायचं? माझा हात गळून पडला तरी चालेल!"

मामांचे डोळे भरून आले. "तुळशीदासभाऊ, तुमच्या हातापुढे माझ्या बसण्याचं काय घेऊन बसलात? मी मागे बसेन. जावईबापू, उद्याच गाडी आल्बर्टकडे टाका."

अप्पांनी मान खाली घातली. मग पुटपुटले, "तुम्हीच म्हणताय, तर मी काय बोलणार..."

एकादशीला गाडी सजून दारात उभी राहिली. पुढे दोन सुट्या सीटा, मध्ये काळ्या मुठीचा नवा दांडा. अप्पांचा हात अलगद त्यावर आला. खट्कन पहिला पडला.

"कळ आली?" बाबूने मागून विचारलं.

"छे!"

मामा मागे पेटीशेजारी बसले होते. त्यांनी दोनदा "आता तिसरा" म्हणून पाहिलं, पण इंजिनाच्या आवाजात पुढे काही पोचेना. थोड्या वेळाने ते पेटीवर डोकं टेकून घोरू लागले. पुढे बुवांनी गळा मोकळा सोडला. कीर्तनाचं अर्धं निरूपण गाडीतच झालं. अप्पांच्या चेहऱ्यावर असा उजेड बाबूने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. त्याच्या छातीवरचा दगड उतरला.

देवळात गजर सुरू झाला आणि बाबू बघतच राहिला. अप्पांचे दोन्ही हात थेट डोक्यावर, टाळ खणाणतायत, पाय उड्या घेतायत! देवा, पावलास! डोळे पुसत तो गर्दीतून त्यांच्यापाशी सरकला.

"अप्पा, हात! बरा झाला?"

टाळ न थांबवता अप्पा त्याच्या कानाशी वाकले.

"त्याला झालं होतं काय? सुनेच्या बापाला 'मागे बसा' म्हणून मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"