पानाची खालची बाजू

प्रभुलिंग चूळ भरायची विसरला आणि तांब्या हातात धरून परसात तसाच उभा राहिला. भोपळ्याच्या वेलांची पानं पांढरी झाली होती. मैंदर्गी गावावर धुकं उतरलं होतं, आणि त्या धुक्यातून कुणीतरी हलक्या हातानं राख टाकत गेल्यासारखं दिसत होतं.

राख म्हटल्यावर त्याला आईच आठवणार. शिवबाई रोज पहाटे न्हाणीच्या चुलीतली राख सुपात घ्यायची, देव्हाऱ्यातली चिमूटभर विभूती तिच्यात मिसळायची आणि वेलांवर टाकत फिरायची. किडीसाठी राख, आणि राखेला नाही जमलं तर विभूती, असा तिचा दुहेरी बंदोबस्त होता. पण दसऱ्याच्या सुमारास तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय गेला, बोलणंही गेलं. तेव्हापासून मागच्या दाराशी खाटेवर पडून ती वेलांकडं बघत असायची.

प्रभुलिंग सोलापुरात नवी पेठेतल्या एका कापडदुकानात होता आणि सुट्टीपुरता घरी यायचा. बायकोनं एकटीनं आईला उचलायचं, न्हाऊ घालायचं, वर वेलही सांभाळायचे, हे त्याला बघवत नव्हतं. मार्गशीर्ष अमावस्येच्या येळवशीपर्यंत आई पायावर उभी राहिली तर ठीक, नाहीतर घर बंद करून सगळ्यांनी सोलापूरला जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. ठरवलं होतं खरं, पण आईला वेलांपासून उचलून शहरातल्या खोलीत नेऊन टाकायचं म्हटलं की तो टेंपो सांगायचं पुढं ढकलायचा.

"महेश्वरी, हिकडं ये," त्यानं हळूच हाक मारली. मोठ्यानं बोललं तर पानांवरचं पांढरं उडून जाईल असं त्याला वाटत होतं. "अव्वा उठलीया. बघ की, राख टाकून गेलीया."

महेश्वरी पदराला हात पुसत आली. क्षणभर तिलाही धुक्यातून सूप घेऊन चाललेली सासू दिसली. ती तशी दिसावी असं तिला फार वाटत होतं. मग सवयीनं तिचा हात खाली गेला आणि तिनं पान उलटलं. खालूनही ते पांढरंच होतं.

"राख न्हाय ही," ती म्हणाली. "राख वरनं पडती, पानाच्या खाली कशी जाईल? भुरी हाय. बुरशी. आता पानं वाळत्यात, मग भोपळे उन्हानं भाजत्यात आन् कुजत्यात."

व्हय म्हणाली असती तर नवरा खुशीत सोलापूरला गेला असता. पण वेलांच्या बाबतीत खोटं बोलायला सासूनं तिला शिकवलं नव्हतं.

प्रभुलिंगनं तांब्यातलं पाणी तिथंच ओतून टाकलं. "मग मी टेंपो सांगून ठेवतो," तो म्हणाला. "येळवस झाली की निघू."

हे सगळं मागच्या दाराशी झालं. खाटेवर शिवबाई डोळे मिटून पडली होती. दोघांना वाटलं, तिला झोप लागलीय.

तरीही महेश्वरीनं पांढरी पानं खुडून लांब नेऊन जाळली आणि उरलेल्या वेलांवर वरून, खालून गंधक फवारलं. घर सोडून जायचंय तर औषध कशाला, असं शेजारच्या मल्लव्वानं विचारलंही. महेश्वरी फवारतच राहिली. नवी पानं फुटली. ती एकेक पान उलटून बघायची आणि खाली हिरवं दिसलं की तिला बरं वाटायचं. खाटेवरून शिवबाई हे बघत असायची.

येळवस आली. सगळं गाव भज्जी-भाकरी घेऊन शेतात गेलं. शिवबाईनं खाटेवरच घोटभर आंबील घेतली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

निघायच्या दिवशी पहाटे महेश्वरी अर्धवट झोपेत होती. भिंतीला काहीतरी घासत जातंय असं तिला वाटलं. मग स्वप्न पडलं. सासू वेलांमधून चालली होती आणि तिच्या सुपातून राखेऐवजी धुकंच सांडत होतं. जाग आली तेव्हा महेश्वरीची उशी ओली होती. ती उठून सासूचे हातपाय पुसायला गेली, तर म्हातारीनं डावी मूठ घट्ट मिटून गोधडीखाली ओढून घेतली. रुसली असेल, म्हणून महेश्वरीनं सोडून दिलं.

उजाडलं. टेंपोत भांड्यांचं पोतं चढलं, गाद्या चढल्या. मागच्या दाराला कुलूप घालायला गेलेला प्रभुलिंग तसाच परत आला.

"परत आलीया तुझी भुरी," तो म्हणाला. "दाराजवळच्या वेलावर. ऱ्हाऊ दे आता. चल, बस."

महेश्वरी ऐकून न ऐकल्यासारखी परसात गेली. धुकं अजून विरलं नव्हतं. भिंतीच्या कडेनं, भिंत जिथं संपत होती तिथपर्यंतचीच पानं पांढरी होती. तिनं एका पानावरून बोट फिरवलं. बोटाला खरखरीत लागलं. प्रभुलिंग तिच्या मागोमाग येऊन उभा राहिला. पुढच्या दारी टेंपोवाला हॉर्न वाजवत होता.

महेश्वरी खाली बसली, आणि नवऱ्याला नीट दिसावं म्हणून तिनं पान सावकाश उलटलं.

खालची बाजू हिरवीगार होती.