बरोबर आलेला आकडा

"गेल्या वर्षीच्या महागाईचा अंदाज, चार पूर्णांक सहा टक्के. प्रत्यक्षात चार पूर्णांक सहा," तपासनीस मुलीने वाचून दाखवलं आणि बैठकीच्या खोलीत टाळ्या वाजल्या.

बाई भिंतीपाशी उभ्या होत्या. अंदाज विभागाच्या त्या प्रमुख. ज्याचा अंदाज तपासायचा त्याने उभं राहायचं आणि तपासणाऱ्याने बसायचं, हा नियम त्यांनीच घातलेला. ऑफिसात पाठीमागे त्यांना 'वेधशाळा' म्हणत. आज म्हणणाऱ्यांचीच तोंडं बघण्यासारखी झाली होती.

संचालक तर आनंदाने खुर्चीत मावत नव्हते. त्यांच्यापुढे एक करार सहीसाठी पडला होता: अंदाज विभाग बंद करायचा आणि आकडे बाहेरच्या कंपनीकडून विकत घ्यायचे. त्या कंपनीचा माणूस नवाकोरा कोट घालून समोरच बसला होता. त्याचा अंदाज होता पाच पूर्णांक चार.

"फाडतोच आता हा कागद," संचालक म्हणाले. "काय गं, पुढचं काही आहे?"

तपासनीस मुलीने पुढच्या पानावर हात ठेवला. बाईंच्याच हाताखाली शिकलेली ती. पुढचं होतं. तपासताना तिला ते दिसलं होतं आणि तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. सगळ्या विभागाचं पोट या एका आकड्यावर होतं, तिचंही.

"नाही सर."

"आहे," बाई म्हणाल्या. "कच्चं तेल मी काय धरलं होतं, ते वाच."

"बाई, राहू दे ना."

"वाच गं."

तिने वाचलं. बाईंनी धरलं होतं की तेल महागेल. ते स्वस्त झालं. धरलं होतं की पीक भरघोस येईल, धान्य उतरेल. पीक बुडालं आणि धान्य कडाडलं. एका चुकीने आकडा वर नेला, दुसरीने खाली ओढला, आणि तो नेमका जागेवर येऊन बसला.

"म्हणजे नशिबाने आला," बाई म्हणाल्या. "लिही, चूक."

मुलीला बाईंचा राग आला, रडूही आलं, आणि आपण यांच्या हाताखाली शिकलो याचा अभिमान तर आवरेनाच.

कोटवाला मात्र खुलला. "प्रामाणिकपणा आवडला हं," असं म्हणून त्याने करार संचालकांकडे आणखी बोटभर सरकवला.

संचालकांनी नाइलाजाने पेन उघडलं. "तुमचं कुठे चुकलं हो?" त्यांनी सहज विचारलं.

"आमचं? छे! आमचं गणित चोख होतं. परिस्थितीच बदलली."

संचालक त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं आणि करार होता तसा कोटवाल्याकडे परत सरकवला.

"बाई, बसा आता," ते म्हणाले.

"बसते कशी? अजून घरभाडं राहिलंय. वाच गं."

मुलीने पान उलटलं आणि या वेळी ठणठणीत आवाजात वाचलं, "घरभाडं. तेही चूक."